मस्टँग, कॅमॅरो, चॅलेंजर: छोट्या इंजिनाची गाडी कशी निवडावी

शिक्षण किंवा नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी तरुणांपैकी अनेकांच्या मनात पहिली 'आपली' गाडी म्हणून फोर्ड मस्टँग, शेवरोले कॅमॅरो किंवा डॉज चॅलेंजर यांपैकी एखादे नाव असते. जुन्या गाड्यांच्या बाजारात शोध सुरू केला की लक्षात येते की बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या किमतींत बराच फरक आहे आणि त्याचे मुख्य कारण बॉनेटखाली आहे. एकीत पाच लिटरच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे आठ सिलिंडरचे (व्ही-८) इंजिन असते, तर दुसरीत चार किंवा सहा सिलिंडरचे (सहाचे असल्यास बहुधा व्ही-६), कमी इंधन पिणारे. या दुसऱ्या प्रकारची वापरलेली गाडी घ्यावी का, आणि घ्यायची ठरल्यास कोणत्या क्रमाने काय तपासावे, हे येथे नवख्या खरेदीदारासाठी मांडले आहे.

आधी एक समज दूर करावा

छोटे इंजिन म्हणजे या गाड्यांच्या मूळ परंपरेत नंतर घुसलेली तडजोड, असे उत्साही मंडळी ठासून सांगतात. ते खरे नाही. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग प्रथम विक्रीस आली, तेव्हा तिचे मूलभूत इंजिन १७० घन इंचांचे, म्हणजे सुमारे २.८ लिटरचे, सरळ रांगेतील सहा सिलिंडरचे आणि १०१ अश्वशक्तीचे होते. १९६७ च्या मॉडेलची पहिली कॅमॅरोही सहा सिलिंडरच्या इंजिनासह मिळत असे. कमी किमतीत देखणी गाडी हेच या वर्गाचे मूळ सूत्र होते आणि व्ही-८ इंजिन त्यावर जादा पैसे मोजून घेण्याची गोष्ट होती.

मात्र सर्व काळातील छोटी इंजिने सारख्या योग्यतेची नाहीत, आणि खरेदीदाराला इतिहास माहीत असावा तो एवढ्यासाठीच. १९७३ च्या शरद ऋतूत मस्टँग-२ बाजारात आली आणि त्यानंतर लगेचच अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला. १९७४ च्या त्या मॉडेलमध्ये २.३ लिटरचे ८८ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि त्या वर्षी व्ही-८ चा पर्यायच नव्हता. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेवर किमान मर्यादा घातली. ती १९७८ च्या मॉडेलवर्षी गॅलनला १८ मैल होती आणि १९८५ साठी २७.५ मैल ठरली. मर्यादा सरासरीवर असल्यामुळे विकलेली प्रत्येक चार सिलिंडरची गाडी कंपनीला आणखी काही व्ही-८ गाड्या विकण्याची मोकळीक देत असे. १९८२ च्या कॅमॅरोत आलेले २.५ लिटरचे ९० अश्वशक्तीचे इंजिन या हिशेबातूनच आले होते. ती गाडी दिसायला वेगवान होती, धावायला नव्हती.

छोटे इंजिन टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याच्या, साहाय्याने मोठ्याची बरोबरी करू शकते, हे त्याच दशकात दिसले. १९८४ ची मस्टँग एसव्हीओ २.३ लिटरच्या टर्बो इंजिनातून १७५ अश्वशक्ती देत होती, म्हणजे त्या वर्षीच्या व्ही-८ मस्टँग जीटीइतकीच, पण किंमत कितीतरी अधिक होती. १९८७ ची ब्यूक ग्रँड नॅशनल ३.८ लिटरच्या टर्बो व्ही-६ वर २४५ अश्वशक्तीची होती, तर त्याच वर्षीची कॉर्व्हेट व्ही-८ असूनही २४० ची. खरा बदल २०११ मध्ये झाला. त्या वर्षीच्या मस्टँगचे ३.७ लिटरचे साधे, टर्बो नसलेले व्ही-६ इंजिन ३०५ अश्वशक्ती देऊ लागले आणि स्वयंचलित गिअरच्या गाडीचे महामार्गावरचे अधिकृत ॲव्हरेज गॅलनला ३१ मैल झाले. २००५ च्या व्ही-८ जीटीची शक्ती ३०० होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

म्हणून नवख्याने शोध २०११ आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरता ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधीची छोट्या इंजिनाची गाडी रूपासाठी किंवा संग्रहासाठी घ्यावी. वेग आणि बचत या दोन्ही अपेक्षा तिच्याकडून ठेवू नयेत.

पहिली पायरी: बचतीचा हिशेब कागदावर मांडावा

बचत किती होईल याचा अंदाज बहुतेकजण मनातल्या मनात करतात आणि तो चुकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, जाहीर केलेले आकडे घेऊन तो लिहूनच काढावा. स्वयंचलित गिअरच्या २०१५ च्या मस्टँगमध्ये २.३ लिटरच्या इकोबूस्ट (फोर्डच्या चार सिलिंडरच्या टर्बो) इंजिनाचे एकत्रित ॲव्हरेज गॅलनला २५ मैल, ३.७ लिटरच्या व्ही-६ चे २२ आणि पाच लिटरच्या व्ही-८ चे १९ आहे. आपल्या सवयीच्या मापात हे अनुक्रमे लिटरला सुमारे १०.६, ९.४ आणि ८.१ किलोमीटर होते.

वर्षाला १२,००० मैल धरले, तर इकोबूस्टला ४८०, व्ही-६ ला ५४५ आणि व्ही-८ ला ६३२ गॅलन पेट्रोल लागेल. गॅलनचा भाव साडेतीन डॉलर मानल्यास व्ही-८ च्या तुलनेत इकोबूस्टची वार्षिक बचत सुमारे ५३० डॉलर आणि व्ही-६ च्या तुलनेत केवळ २२८ डॉलर होते. आता इकोबूस्टमध्ये साध्याऐवजी प्रीमियम (जास्त ऑक्टेनचे) पेट्रोल भरले आणि ते गॅलनमागे ८० सेंटने महाग असले, तर ३८४ डॉलर त्यातच गेले. साधे पेट्रोल भरणाऱ्या व्ही-८ मालकाच्या तुलनेत मग हातात जेमतेम दीडशे डॉलर उरतात. वर्षाला चार-पाच हजार मैलच चालवणाऱ्याने तर इंधनाच्या बचतीसाठी छोटे इंजिन घेतो आहे असे स्वतःला सांगूच नये. त्याची खरी बचत खरेदीच्या किमतीत आणि विम्यात असते.

या हिशेबात 'गॅलनला किती मैल' यापेक्षा 'शंभर मैलांना किती गॅलन' हे माप अधिक प्रामाणिक ठरते, आणि २०१३ च्या मॉडेलपासून नव्या गाडीच्या काचेवरील अधिकृत पत्रकावर तेही छापलेले असते. या मापाने पाहिल्यास २०१५ च्या इकोबूस्टला शहरात शंभर मैलांमागे सुमारे ४.८ गॅलन आणि व्ही-८ ला ६.३ गॅलन लागतात, तर महामार्गावर हेच आकडे ३.१ आणि ४ असे आहेत. म्हणजे छोट्या इंजिनाचा अधिक लाभ शहरातल्या रहदारीत होतो. लांबच्या प्रवासासाठी ते घ्यावे, हा प्रचलित सल्ला अर्धाच खरा आहे.

दुसरी पायरी: इंजिन बचत कशी करते ते समजून घ्यावे

ताशी साठ मैलांच्या स्थिर गतीला मस्टँगसारख्या गाडीला फारच थोडी शक्ती लागते. पाच लिटरच्या इंजिनाला एवढी कमी शक्ती द्यायची असेल, तर हवा आत घेणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली ठेवावी लागते, आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच मेहनत वाया जाते. शिवाय आठ पिस्टन आणि त्यांचे सर्व भाग घासत असतातच. तेच काम २.३ लिटरचे इंजिन करते, तेव्हा झडप अधिक उघडी असते, ओढण्याचा अपव्यय घटतो आणि घासणारे भागही कमी असतात. वेग वाढवायचा झाला की एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या वेगावर टर्बो फिरतो, हवा दाबून आत ढकलतो आणि छोटे इंजिन तेवढ्यापुरते मोठ्यासारखे वागू लागते.

यातच त्याची मर्यादाही आहे. टर्बो पूर्ण दाबाने काम करत असताना सिलिंडरमध्ये प्रचंड उष्णता निर्माण होते, आणि ती आवरण्यासाठी इंजिनाचा संगणक जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. प्रत्येक सिग्नलवरून झेप घेणाऱ्या चालकाला म्हणूनच अधिकृत आकडा कधीच मिळत नाही. 'माझी इकोबूस्ट तर व्ही-८ एवढेच पिते' ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि ती करणाऱ्याचा उजवा पाय पाहिला की उत्तर सापडते.

तिसरी पायरी: टर्बो चार की साधे सहा, हे ठरवावे

टर्बोच्या बाजूने पहिला मुद्दा टॉर्कचा, म्हणजे चाके फिरवणाऱ्या जोराचा, आहे. २०१५ च्या इकोबूस्टचे अधिकृत आकडे ३१० अश्वशक्ती आणि ३२० पाउंड-फूट टॉर्क असे होते. २०१८ मध्ये टॉर्क ३५० झाला, व्ही-६ बंद झाले आणि दहा गिअरची स्वयंचलित पेटी आली. २०१६ पासूनच्या कॅमॅरोत २ लिटरचे टर्बो इंजिन २७५ अश्वशक्तीचे, तर ३.६ लिटरचे व्ही-६ ३३५ अश्वशक्तीचे होते. टर्बो इंजिनाचा टॉर्क इंजिनाच्या दर मिनिटाच्या कमी फेऱ्यांवर हाती येतो, त्यामुळे शहरात गाडी चपळ वाटते. पुढच्या चाकांवरचे वजन व्ही-८ पेक्षा कमी असल्याने वळणांवर ती अधिक सहज वळते, आणि मला व्यक्तिशः हा गुण इंधनापेक्षा मोलाचा वाटतो.

साध्या व्ही-६ चे बलस्थान साधेपणा हे आहे. त्यात टर्बो नाही, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, दाबाच्या नळ्या नाहीत, म्हणजे दहा वर्षांनी बिघडण्याजोगे भागही कमी. फोर्डचे ३.७ लिटरचे इंजिन आडवे बसवलेल्या गाड्यांत पाण्याचा पंप टायमिंग चेनमागे (झडपांची उघडझाप चालवणाऱ्या साखळीमागे), इंजिनाच्या पोटात असतो आणि तो गळला की खर्च मोठा येतो. मस्टँगमध्ये तो बाहेरच्या बाजूस आहे, म्हणून ही काळजी येथे उरत नाही. चॅलेंजरमध्ये २०११ पासून ३.६ लिटरचे ३०५ अश्वशक्तीचे पेंटास्टार व्ही-६ आले आणि २०१५ पासून आठ गिअरच्या पेटीसह त्याचे महामार्गावरचे ॲव्हरेज ३० मैलांवर गेले. या इंजिनात वरच्या भागातून टिकटिक आवाज येत असेल, तर रॉकर आर्म (झडपा दाबणारे छोटे दांडे) झिजले असण्याची शक्यता असते.

बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २०१७ पासून चॅलेंजर चारही चाकांना शक्ती देणाऱ्या रचनेत मिळू लागली, आणि ती रचना केवळ व्ही-६ बरोबर होती. व्ही-८ च्या ग्राहकाला ती सोयच नव्हती. मिशिगन किंवा मिनेसोटात हिवाळ्यातही हीच एक गाडी वापरायची असेल, तर शोध येथून सुरू करावा. मस्टँग आणि कॅमॅरो मागच्या चाकांवर चालतात, तेव्हा त्यांच्यासाठी हिवाळी टायरांचा संच अंदाजपत्रकात आधीच धरावा, कारण अनेक गाड्यांवरचे उन्हाळी टायर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली ताठर होऊन पकड सोडतात.

निर्णय होत नसेल तर एक सोपा उपाय आहे. विमानतळावर भाड्याने मिळणाऱ्या मस्टँग बहुधा इकोबूस्टच असतात. शनिवार-रविवार ती घेऊन रोजच्या रस्त्यांवर फिरवावी. इंजिनाचा आवाज पुरेसा वाटतो का, हे तेथेच कळेल. २०१५ पासूनच्या इकोबूस्टमध्ये त्या आवाजाचा काही भाग स्पीकरमधून ऐकवला जातो, हे आधी माहीत असलेले बरे.

चौथी पायरी: बॉनेट उघडण्याआधी क्रमांक वाचावा

मागे जीटीचे चिन्ह लावलेली प्रत्येक गाडी जीटी नसते. गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे व्हिन, समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो आणि त्यातील आठवे अक्षर इंजिन सांगते. २०१५ पासूनच्या मस्टँगमध्ये 'एच' असल्यास इकोबूस्ट, 'एम' असल्यास ३.७ लिटरचे व्ही-६ आणि 'एफ' असल्यास पाच लिटरचे व्ही-८ समजावे. हाच क्रमांक राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून कोणती परतबोलावणी (दोषामुळे कंपनीने मोफत दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणे, रिकॉल) दुरुस्तीविना राहिली आहे ते विनामूल्य पाहता येते. त्यानंतर गाडीचा इतिहास-अहवाल विकत घ्यावा आणि मालकीपत्रावर 'सॅल्व्हेज' (मोठे नुकसान झालेली) किंवा 'रीबिल्ट' (त्यानंतर पुन्हा उभी केलेली) असा शिक्का असल्यास किंमत कितीही मोहक असली तरी नवख्याने मागे फिरावे.

साठच्या दशकातील मस्टँगचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांच्यासाठी क्रमांकाचे वाचन अधिकच महत्त्वाचे. १९६५-६६ च्या गाडीत पाचवे अक्षर इंजिनाचे असते. 'टी' म्हणजे २०० घन इंचांचे सहा सिलिंडर, 'सी' आणि 'ए' म्हणजे २८९ घन इंचांचे व्ही-८. कारखान्यातून सहा सिलिंडरसह निघालेल्या गाडीची चाके चार बोल्टची असत, व्ही-८ ची पाच. 'टी' क्रमांकाच्या गाडीत व्ही-८ बसवून ती अस्सल व्ही-८ च्या भावाने विकणारे भेटतात. त्यातही चाके चार बोल्टचीच राहिली असतील, तर ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सलही मूळ हलक्याच इंजिनाचा आहे असे धरावे.

पाचवी पायरी: थंड इंजिनावर तपासणी

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की गाडी सकाळपासून सुरू करू नये. गेल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करावी. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर तेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर शीतकद्रव सिलिंडरमध्ये शिरतो आहे आणि हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालची सीलबंद पट्टी) संशयास्पद आहे. शीतकाची पातळी याच वेळी, इंजिन गरम होण्याआधी पाहावी.

चालवताना टर्बोची बारीक शीळ स्वाभाविक आहे, पण भोंग्यासारखा चढता आवाज नाही. स्वयंचलित गाडी तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या गिअरदरम्यान हिसके देते का ते संथ रहदारीत पाहावे, कारण मोकळ्या रस्त्यावर हा दोष लपतो. हाताने गिअर बदलायची गाडी असल्यास दुसरा-तिसरा गिअर थंड असताना पडतो का ते तपासावे. मागच्या चाकांच्या कमानीत वितळलेल्या रबराचे तुकडे चिकटलेले असतील, तर मागच्या मालकाने गाडी कशी वापरली याचा वेगळा पुरावा नको.

छोट्या टर्बो गाड्यांना एक विशेष धोका असतो. थोड्या पैशांत संगणकाची आज्ञावली बदलून शक्ती वाढवता येते, त्यामुळे अनेक गाड्या एकदा तरी 'ट्यून' झालेल्या असतात आणि विकण्याआधी त्या मूळ स्थितीत परत आणल्या जातात. डॅशबोर्डखालच्या जोडणीला साधे ओबीडी यंत्र (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे) लावून संगणकाच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का ते पाहावे. बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर संगणकाची स्मृती नुकतीच पुसलेली असते किंवा बॅटरी काढलेली असते, आणि त्याचे समाधानकारक कारण विक्रेत्याने द्यायला हवे. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून धूरतपासणीतच बदललेली आज्ञावली पकडली जाते आणि गाडी नापास होते. एवढे झाल्यावर शंभर-दोनशे डॉलर खर्चून स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी वर उचलून तपासून घ्यावी. विक्रेत्याने यास नकार दिला तर व्यवहार तेथेच थांबवावा.

सहावी पायरी: विमा आणि हमी

अमेरिकेत वाहन चालवण्याचा इतिहास कमी असलेल्या नवागताला दोन दारांच्या गाडीचा विमा अनपेक्षितपणे महाग पडू शकतो. पैसे देण्याआधीच दोन-तीन कंपन्यांकडून त्या विशिष्ट व्हिनचा भाव घ्यावा आणि शेजारी व्ही-८ चाही घेऊन पाहावा. फोर्डची इंजिन-गिअरपेटीची मूळ हमी पाच वर्षे किंवा ६०,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तोवर असते. ती शिल्लक असलेली गाडी थोडी महाग पडली तरी टर्बो इंजिनासाठी ते पैसे योग्य ठिकाणी जातात.

गाडी पुढे भारतात नेण्याचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडावा. वापरलेल्या गाडीच्या आयातीसाठी स्टिअरिंग उजव्या बाजूस असणे ही भारतातील नियमांची अट आहे. फोर्डने २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आणलेली मस्टँगही केवळ व्ही-८ होती. इकोबूस्ट तेथे आलीच नाही.

सातवी पायरी: घेतल्यानंतरचे पहिले वर्ष

पंपावर ८७ हा ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल अकाली पेट न घेण्याच्या क्षमतेचा, आकडा पाहून भारतातून आलेल्या माणसाला हे पेट्रोल हलके वाटते. अमेरिकेतील आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, भारतातील एकाच चाचणीचा. त्यामुळे तेथील ८७ हे आपल्याकडच्या ९१ च्या जवळपास येते. इकोबूस्ट मस्टँग ८७ वर चालते, मात्र जाहिरातीतील पूर्ण शक्ती ९३ वर मोजलेली आहे. रोजच्या वापरासाठी ८७ आणि घाटात किंवा कडक उन्हाळ्यात लांब पल्ल्यासाठी प्रीमियम, ही मधली वाट मला योग्य वाटते. कोलोरॅडोसारख्या उंच राज्यांत मिळणारे ८५ मात्र टर्बो इंजिनात भरू नये.

तेल बदलण्याच्या बाबतीत डॅशबोर्डवरील सूचनेची वाट न पाहता सुमारे ५,००० मैलांवर पूर्ण कृत्रिम ५डब्ल्यू-३० तेल घालावे आणि डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा असल्याची खात्री करावी. टर्बो आणि थेट इंधनफवारणी असलेल्या इंजिनात कमी फेऱ्यांवर अचानक पूर्ण जोर दिल्यास मिश्रण ठिणगीआधीच पेट घेऊ शकते आणि पिस्टनला इजा होऊ शकते. हा दर्जा त्यापासून संरक्षणासाठीही तपासलेला असतो. वरच्या गिअरमध्ये मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर पाय दाबून धरण्याऐवजी गिअर खाली आणून मग वेग वाढवावा.

थेट फवारणीमुळे पेट्रोल हवेच्या झडपांवरून वाहत नाही आणि त्यांवर काजळी साचत जाते. सत्तर-ऐंशी हजार मैलांनंतर इंजिन थांबलेल्या अवस्थेत थरथरू लागले, तर अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून ती काढणारे मेकॅनिक मोठ्या शहरांत सापडतात. पेट्रोलच्या टाकीत घालायच्या बाटलीबंद औषधांचा या काजळीवर काही उपयोग होत नाही, कारण ते औषध त्या झडपांपर्यंत पोहोचतच नाही.